हाताचा अंदाज

बाबांनी बाटली फडक्याने पुसली आणि ग्लासात थोडी पांढरी वाइन ओतली. नेहमीच्या गिऱ्हाइकाने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"बाबा, रागावू नका, पण दात शिवशिवले हो. ना वास, ना चव."

बाबांना ते चांगलंच झोंबलं. फार गार केली की वाइनची वाचा बसते, हे या माणसाला त्यांनीच तर शिकवलं होतं! उभा जन्म त्यांनी बाटल्या हाताच्या अंदाजाने गार केल्या. लेकीने हॉटेल हाती घेतल्यावर हौसेने थर्मामीटर आणला, तर तो त्यांनी चमच्यांच्या खणात ढकलून दिला. "बाटलीला काय ताप आलाय?" असं वर ऐकवलंही.

ते तरातरा काउंटरमागे आले.

"हा कसला बर्फ आणलास गं? दम नाही त्यात. कितीही वेळ ठेवा, बाटली आपली कोमटच."

"बाबा, फार गार म्हणून परत आलीये ती!" लेक ग्लास पुसता पुसता हसली.

"त्याला काय कळतंय? हे बघ!"

त्यांनी बाही सारली, उजवा हात बर्फाच्या बादलीत मनगटापर्यंत खुपसला आणि तसेच तावातावाने बोलत राहिले. बर्फवाला चोर, त्याचं मशीन भिकार, आणि लेक कुणाचं ऐकेल तर शपथ! लेक सवयीने हो ला हो करत होती. मग तिचं हसू मावळलं.

"बाबा, हात काढा."

"का? नुसता दिसायला बर्फ आहे."

"काढा म्हणते ना आधी!"

तिने मनगट धरून ओढलंच. हात लालबुंद झाला होता, बोटांची टोकं पांढरीफटक. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी डावा हात बादलीत घातला आणि चटका बसावा तसा झटकन मागे घेतला.

"अगं... हे काय झालं गं?"

लेकीने फडक्यात त्यांची बोटं गुंडाळली.

"बाबा, दुसरी आणताय ना?" पलीकडून हाक आली.

"आणतो, आणतो!"

त्यांनी फडकं बाजूला केलं आणि नवी बाटली पुढे ओढली. लेक चमच्यांच्या खणाकडे वळली, तशी त्यांनी नको म्हणून मान हलवली. तिचा तळवा बाटलीवर टेकवला आणि वरून आपला उजवा हात दाबून धरला.

"सांग. गार आहे?"

बाटली बेताची गार होती; वरचा हात तिच्यापेक्षा कितीतरी गार होता.

"आहे, बाबा," ती म्हणाली.