शून्य वाटणारी ओळ

मित्रांनो, मी लायब्ररी आहे, पण माझ्याकडे एकही पुस्तक नाही. कपाट नाही, धूळ नाही, 'शांतता राखा' अशी पाटीही नाही. मी आहे संगणकासाठी लिहिलेल्या गणिताच्या सूचनांचा एक जुना संच. कोणाच्या प्रोग्रॅमला बेरीज, सरासरी, समीकरण असं काही अडलं की तो मला बोलावतो आणि मी ते सोडवून देते. माझं वय बत्तीस. तुम्ही म्हणाल, हे काय वय झालं? पण संगणकाच्या जगात बत्तीस म्हणजे पणजीच की हो!

मला लिहिलं गणिताच्या एका बाईंनी. कॉलेजच्या जिन्याखाली एक चिंचोळी खोली होती. तिथे एक संगणक, एक डगमगतं स्टूल आणि खडूने पांढरा झालेला फळा. वर मुलं धाडधाड जिना उतरायची आणि खाली बाई माझी एकेक ओळ लिहायच्या. मी पुरी झाले तेव्हा त्यांनी मला सगळ्या जगासाठी खुलं केलं. कोणीही मला घ्यावं, वाचावं, बदल सुचवावा.

शेजारच्या खोलीतले भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "बाई, एवढं खपून लिहिलंत, आणि कुलूप नाही?"

"पाढ्यांना कोणी कुलूप लावलंय का कधी?" बाई म्हणाल्या.

काही महिन्यांनी कुठल्याशा लांबच्या गावाहून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. त्याने माझ्या वर्गमुळात चूक शोधली होती! बाईंनी पत्र वाचलं आणि त्या उठून चक्क नाचल्या. चूक सापडल्यावर नाचणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग पत्रांचा पाऊसच सुरू झाला. कोणी माझा वेग वाढवला, कोणी माझी गाठ सोडवली. मी हवामानाचे अंदाज मोजले, जहाजांचे भार मोजले, दुर्बिणीतून आलेले तारे मोजले. कोणाच्या भाषणात माझं नाव आलं नाही, पण पायाच्या दगडाला कोण हार घालतं? माझी तक्रार नव्हती. मी नुसती धावत होते.

पुढे एकेक सांभाळणारा आपापल्या संसाराला लागला. बाई निवृत्त झाल्या. चार वर्षं माझ्या पानावर पत्रं पडून राहिली आणि कोणी ओ दिली नाही. काम मात्र थांबलं नव्हतं. राबणाऱ्या म्हातारीची विचारपूस राहून जाते, तसं झालं.

आणि मग ती आली! दवाखान्यातल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणारी एक तरुणी. सुट्टीच्या दिवशी ती माझ्यात शिरायची आणि जुनं-पानं झाडून काढायची. म्हणून सगळे तिला लाडाने 'केरसुणी' म्हणायला लागले. तिने माझ्या चारशे निकामी ओळी काढल्या. मला तर न्हाऊन-माखून बसल्यासारखं वाटलं!

आमच्याकडे एक रीत आहे. एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून 'छान' असं लिहिल्याशिवाय तो आत घ्यायचा नाही. केरसुणीने एकदा चाळीस पानांची झाडलोट पाठवली. बाईंनी घरून वाचली, 'छान' लिहिलं, आणि बदल आत आला.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, पुलांची देखभाल करणाऱ्या एका इंजिनिअर मॅडमचं पत्र आलं. त्यांच्या लोखंडी पुलाखाली एक छोटी पेटी बसवलेली होती. प्रत्येक गाडी गेली की पुलाची इवलीशी झीज होते. पेटी ती मोजायची आणि माझ्याकडून बेरीज करून घ्यायची. बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोचली की दुरुस्ती होईपर्यंत अवजड गाड्या बंद करायच्या.

मॅडमनी लिहिलं होतं, "अकरा दिवसांपूर्वी पेटीत तुमची नवी आवृत्ती घातली, तेव्हापासून आकडा जागचा हललेला नाही. रोज चार हजार गाड्या जातात. पूल बरा झाला, की तुमची बेरीज आजारी पडली? अवजड गाड्यांना आणखी एक वर्ष परवानगी देणाऱ्या कागदावर मला आज चार वाजता सही करायची आहे. लवकर सांगा."

केरसुणीने पडद्यावरून बाईंना गाठलं. बाई मटार सोलत होत्या.

"बाई, दोन कोटी वेळा नुसता एक मिळवून बघू का? पेटीत आहेत तसल्याच, मोजकेच अंक मावणाऱ्या आखूड आकड्यांत?"

"बघू काय? लाव!"

मी सुरुवात केली. एक, दोन, तीन... पापणी लवायच्या आत कोटी ओलांडला. एक कोटी सदुसष्ट लाख, सत्त्याहत्तर हजार, दोनशे सोळा. आणखी एक मिळवला. तेवढेच! पुन्हा मिळवला. तेवढेच! मित्रांनो, मी जीव तोडून मोजत होते आणि तसूभरही सरकत नव्हते!

"अडकली! बाई, अडकली!" केरसुणी ओरडली.

"अगं, रडतेस का हसतेस?"

"दोन्ही! बेरजेतली एक ओळ मीच झाडलोटीत काढली होती, बाई. नव्या बेरजेतून जुनी बेरीज वजा करा, आणि त्यातून आत्ता मिळवलेला आकडा वजा करा. उत्तर शून्यच ना? मला वाटलं, उगाच आहे."

"कागदावर शून्यच. पण संगणकाकडे जागा मोजकी. मोठ्या बेरजेत लहान आकडा घातला की त्याचं शेपूट गळून पडतं. ती ओळ ते उचलून पुढच्या बेरजेत परत घालते."

"माझ्यामुळे पूल..."

"थांब. 'छान' कोणी लिहिलं? मी. तेहतीस पानं वाचली आणि उरलेली सात तुझ्या भरवशावर सोडली. शिवाय ती ओळ कशासाठी आहे, हे बत्तीस वर्षांत एका शब्दाने लिहिलं नाही. वाटायचं, हुशार माणसाला दिसेलच. हुशारालाच दिसत नाही गं, त्याला शून्य दिसतं! चल, घाल ती परत. तीन वेळा वाचते आता."

एक वाजता ओळ माझ्यात परत आली. पेटीत प्रत्येक गाडीची नोंद होती, ती मॅडमनी पहिल्यापासून माझ्यापुढे ओतली. मी अशी धावले, अशी धावले, की बत्तीस वर्षांत धावले नव्हते! एकही कण सांडू दिला नाही.

अडीच वाजता मॅडमचं पत्र आलं. "आकडा सहा दिवसांपूर्वीच मर्यादेपुढे गेलाय. सही करत नाही. अवजड गाड्या आत्ता बंद करते."

साडेतीनला पुलाच्या दोन्ही तोंडांना अडसर लागले. ट्रकवाल्यांनी वळशाच्या रस्त्याने जाताना मॅडमचा चांगलाच उद्धार केला म्हणे. पुढच्या आठवड्यात वेल्डर खाली उतरले, तेव्हा एका तुळईला वीतभर चीर गेलेली दिसली. ट्रकवाल्यांची तोंडं बंद झाली.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी बाईंनी ओळीच्या डोक्यावर टीप लिहिली. "ही ओळ निरुपयोगी दिसते. पुसण्याआधी मला फोन कर. मी नसले, तर दोन कोटी वेळा एक मिळवून बघ." केरसुणीने ती परीक्षाच माझ्यात कायमची बसवली. आता कोणताही बदल येवो, आधी मला दोन कोटींपर्यंत मोजून दाखवावं लागतं. या वयात परीक्षा! पण खरं सांगू? मला ती फार आवडते.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस माझ्यासारख्या एखादीच्या जिवावर पूल बांधाल, औषध मोजाल, तारे शोधाल. तेव्हा नुसतं काम करून घेऊन जाऊ नका. आत या, वाचा, झाडलोटही करा. मात्र एखादी ओळ उगाच आहे असं वाटलं, तर पुसण्याआधी एक हाक मारा. आता इथे ओ द्यायला माणसं आहेत.