सहावं बटण

"अगं छाया, हा माऊस आहे की आकाशकंदील?" शेजारच्या टेबलावरून पद्मजाने विचारलं.

माऊस लाल झाला, मग हिरवा, मग जांभळा.

"ऊर्मीचा आहे. गेम खेळायची त्यावर. नोकरीला व्हँकुव्हरला गेली, हा बेसमेंटमध्येच राहिला."

"म्हणजे आता आई खेळणार!"

"हो ना. सोयाबीनचा गेम," छाया म्हणाली आणि पुढचा कागद उचलला.

कॅनडात ग्वेल्फमधल्या या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं एकच काम करत होती. शंभर दाण्यांपैकी किती नीट उगवले, किती वाकडे, किती मेले, ते आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे. वाकडे अंकुर उगवलेल्यांत धरत नसत. डिसेंबरात तिचं उजवं मनगट सुजलं, पट्टा बांधावा लागला. डॉक्टर म्हणाले, एक तर ऑफिसचं काम कमी करा, नाहीतर घरचं लिहिणं.

घरचं लिहिणं म्हणजे रामनाम. रोज एकशे आठ ओळी, वहीत, हाताने. आई गेली तेव्हा घेतलेला नेम. एकोणीस वर्षांत खंड नव्हता. ताप असला तरी नाही, विमानात असली तरी नाही.

ख्रिसमसला ऊर्मी घरी आली. तिने माऊसवरच्या, अंगठ्याजवळच्या बटणांना कामं नेमून दिली. एकाने कॉपी, एकाने पेस्ट, एकाने पुढचा फॉर्म. मग म्हणाली, "आई, सहावं सरप्राइज आहे. प्रेस कर ना."

छायाने दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ओळ उमटली, श्रीराम जयराम जय जय राम.

"वन क्लिक, वन लाइन! एकशे आठ इन टू मिनिट्स. हाताला रेस्ट."

पोरीने प्रेमाने केलं होतं. छाया नाही म्हणाली नाही. त्या दिवसापासून माऊस डब्याच्या पिशवीतून ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन नाम लिहायचा. वही देवघराच्या खणात राहिली. मनगटाची सूज उतरू लागली.

फेब्रुवारीत एकदा सुपरवायझर डायेन एक रिपोर्ट घेऊन आली. "छाया, हू इज श्रीराम? न्यू क्लायंट?"

सोयाबीनच्या नमुन्यापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, पूर्ण ओळ होती. पद्मजा तोंडावर हात धरून हसली. डायेनही हसली. छायाने सॉरी म्हणून ओळ पुसली. पण बटण कधी दाबलं गेलं, ते तिला आठवेना. नाव उमटलं तेव्हा आपलं मन कुठे होतं, तेही आठवेना. आणि घरी तरी रोज कुठे असतं, असं तिच्या मनात आलं.

शनिवारी सकाळी तिने ऊर्मीला फोन लावला.

"ते सहावं बटण रिकामं कसं करायचं गं?"

"व्हाय? बिघडलं का?"

"नाही. चांगलं चालतं."

"मग हाताचं काय?"

"डावा आहे ना."

"आई! डाव्या हाताने देवाचं काही करायचं नाही, तूच म्हणायचीस."

"म्हणायचे."

तिने डावा हात दोनदा धुतला. समईत तेल घातलं. वहीतली शेवटची तारीख ख्रिसमसची होती. तिच्याखाली एक ओळ कोरी सोडून तिने आजची तारीख घातली. उजवा हात मांडीवर पट्ट्यात होता. पहिला 'श्री' लिहायलाच एक मिनिट लागलं.

संपलं तेव्हा दुपार कलली होती. अक्षरं वाकडी उगवली होती, काही आडवी पडली होती. छायाने पेनाचं टोक टेकवत ओळी मोजल्या. वाकडी म्हणून एकही गाळली नाही.