हनुवटीवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी हनुवटी आहे. दचकू नका, मी कुणाच्या चेहऱ्यावरून तुटून पडलेली नाही. मी सिलिकॉनची, कारखान्यात घडलेली. करवंटीच्या तुकड्यासारखी बाकदार, पण बोटाने दाबली तर जराशी दबणारी. कोथरूडच्या एका दवाखान्यात, काचेच्या बरणीत माझे म्हातारपण चालले आहे. येणारे-जाणारे मला पाहून नाक मुरडतात. मुरडोत बापडे! त्यांना काय ठाऊक, मीही एके काळी एका मुलीचे हसू पेलले आहे.

तिचे नाव भाग्यश्री. ती वाघोलीची. तेव्हा वाघोलीच्या रानात इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि गावातल्या शिकलेल्या मुली खराडीच्या संगणक कंपन्यांत नोकरीला जात होत्या. भाग्यश्री हुशार होती, पण तिची हनुवटी जन्मापासूनच आत गेलेली. शेजारच्या टेबलावरचा अभय एकदा म्हणाला, "तुझा चेहरा देवाने ओठांशीच संपवला वाटतं. घाईत असेल बिचारा." सगळे हसले, तीही हसली. मात्र त्या दिवसापासून ती तोंडावर हात धरून बोलू लागली. मीटिंगमध्ये उत्तर येत असूनही गप्प बसू लागली. तिला चारचौघांत हात खाली ठेवून बोलायचे होते. एवढेच तिचे मागणे होते, आणि त्यासाठी ती आईला घेऊन या दवाखान्यात आली.

डॉक्टर शर्मिला स्पष्टवक्त्या. चावायला, गिळायला काही अडचण नाही, तेव्हा ही शस्त्रक्रिया केली नाही तरी चालेल, असे त्यांनी आधीच सांगितले. खालच्या ओठाच्या आतून चीर देऊन मला हाडावर बसवणार, म्हणून बाहेर व्रण दिसणार नाही. सूज येईल, ओठ काही काळ बधिर राहील, क्वचित ती बधिरता कायमचीही राहते. जखमेत पू झाला तर मला बाहेर काढावे लागेल. तंबाखू अजिबात चालणार नाही, त्याने जखम भरत नाही. घरात कुणी खाते का, असेही त्यांनी विचारले.

आई, चंपाबाई, पदर सावरून म्हणाल्या, "न्हाई बाई. आमच्या घरात कुनी तंबाखूला शिवत बी न्हाई." त्या खरेच बोलत होत्या. निदान त्यांना तसेच वाटत होते.

अशी मी भाग्यश्रीच्या हाडावर जाऊन बसले. तिचा प्रत्येक शब्द मला आतून जाणवे. सूज ओसरल्यावर ती आरशासमोर उभी राहिली आणि मोठ्याने हसली. मी तिच्या हसण्याबरोबर हलले. मला फार अभिमान वाटला, आपल्यावाचून हिचे कसे झाले असते असेही वाटले. वस्तूंनाही गर्व होतो, मित्रांनो.

आता त्या घराची एक रीत सांगते. चंपाबाई तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजत, तिची पूड करत आणि रोज सकाळी तीच बोटाने दातांवर घासत. त्या पुडीला मशेरी म्हणतात. त्यांच्या आईने तेच केले होते, आजीनेही. त्यांच्या लेखी ती तोंड स्वच्छ ठेवायची वस्तू, तंबाखू नव्हेच. टाक्यांमुळे लेकीला ब्रश फिरवता येईना, गुळण्यांनी तिचे समाधान होईना. मग लेकीच्या लहानपणी करत तसे आईने तिला समोर बसवले आणि आपल्या बोटाने, अगदी हलक्या हाताने, ती पूड हिरडीला लावली. रोज लावली. किती मायेने लावली ते मी जाणते, कारण ते बोट माझ्यापासून केसभरच लांब होते.

जखम भरेना. मग ठणका लागला, ताप आला. डॉक्टरांनी ओठ खाली ओढला आणि हिरडीवरचा काळा थर बोटाने पुसून पाहिला. चंपाबाईंना बाहेर बसवून त्यांनी विचारले, "दात कशाने घासतेस?"

भाग्यश्रीने सांगितले.

"अगं, मशेरी म्हणजे तंबाखूच ना?"

"आम्ही तिला तंबाखू म्हणतच नाही हो, मॅडम," ती म्हणाली, आणि मग तिचे तिलाच उमगले. डोळे पुसून एवढेच म्हणाली, "आईला सांगू नका. ती पुन्हा मला हात लावायची नाही."

मशेरी बंद झालीच पाहिजे, या अटीवर डॉक्टरांनी ते मान्य केले. वास सहन होत नाही, एवढे सांगून भाग्यश्रीने मशेरीचा डबा घरातून हलवला. मला काढून स्टीलच्या ताटलीत ठेवले गेले. भाग्यश्रीचा ओठ एका बाजूला बधिरच राहिला. आमटीचा ओघळ आला तरी तिला कळत नसे, आई पदराने पुसून घेई. तिचा हात पुन्हा तोंडावर गेला. मला आजही त्याचे वाईट वाटते.

डॉक्टर आता चेहरा बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला बरणीतली मी दाखवतात. तंबाखू खाता का, एवढे विचारून थांबत नाहीत. दात कशाने घासता, गालात काय धरता, सगळे विचारतात. तुम्हालाही कुणी विचारले, तर लाजू नका आणि स्वतःच निवाडा करून काही गाळू नका. आपल्याला साधी वाटणारी गोष्टही सांगा.

ताटलीत होते तेव्हा चंपाबाई मला बघायला आल्या होत्या. कशानं झालं गं, असे त्यांनी लेकीला विचारले. भाग्यश्री म्हणाली, "वस्तूच खराब निघाली, आई." तेव्हा चंपाबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी सजीव असते तर जळून गेले असते. मग त्यांनी लेकीला पोटाशी धरले आणि बोटांनी तिची हनुवटी कुरवाळत राहिल्या.

मित्रांनो, मी खराब नव्हते. पण कधी वाघोलीला गेलात आणि चंपाबाई भेटल्या, तर माझी बाजू मांडू नका.