कारभारीच्या लेकीचा पूर

"नाना, घर सोडा. अंधार पडायच्या आत." प्रतिभा फोनवर वडिलांना हे दुसऱ्यांदा सांगत होती.

सकाळपासून धरणातून पाणी सुटत होतं. नाशिकच्या कचेरीतल्या संगणकात प्रतिभाने वर्षानुवर्षं खपून अख्खी गोदावरी बसवली होती. धरणातून इतकं पाणी सोडलं की खाली कुठल्या गावात किती चढेल, ते तिचं मॉडेल सांगायचं. आज पडद्यावरची रात्रीच्या पाण्याची निळी रेघ सायखेड्याच्या अलीकडे तिच्या माहेरात शिरली होती. नानांचं घर रेघेच्या आत होतं. तिचे डोळे चुरचुरत होते, पाठ मोडून आली होती.

"मागल्या खेपेला बी हेच म्हणली व्हतीस," नाना म्हणाले.

म्हणाली होती खरी. दोन वर्षांपूर्वी तिच्या शब्दावर सगळी खालची आळी शेळ्या-कोंबड्यांसकट शाळेत जाऊन बसली. आणि पाणी? ते मेलं घाटाच्या पायऱ्यांवरच थांबलं. गावात नाना म्हणजे कारभारी; त्या फजितीला गावाने नावच ठेवलं, कारभारीच्या लेकीचा पूर. चार थेंब पडले की पारावरून कुणीतरी नानांना विचारायचंच, पोरीला इचारा, वाळवण काढू का ऱ्हाऊ देऊ. माहेरी गेली की प्रतिभालाही तो टोमणा बसायचा आणि ती हसून घ्यायची. गावाचं तोंड का धरता येतं?

चूक कुठे झाली ते तिला तेव्हाच शोधून सापडलं होतं. मॉडेलला जुन्या महापुराची उंची लागते. गावात त्याची खूण म्हणजे महादेवाच्या देवळाच्या भिंतीतला शेंदूर फासलेला धोंडा, आजोबांच्या काळी पाणी जिथवर चढलं तिथे बसवलेला. मोजणीवाल्यांना तो नानांनीच कौतुकाने दाखवला. पण त्याच्या आधीच, प्रतिभा सासरी गेल्यावर, देवळाचा जीर्णोद्धार झाला, चौथरा उंच केला, आणि नानांनी नारळ फोडून तो धोंडा नव्या भिंतीत पुन्हा कमरेइतक्या उंचीवर बसवला. गंगामाईची खूण पायदळी कशी जाऊ द्यायची? तिच्यावरून कुणी मोजमाप करील हे त्या भल्या माणसाच्या मनात तरी कसं यावं! धोंडा वर गेला, त्याच्याबरोबर संगणकातला पूरही वर गेला.

प्रतिभाने मुकाट्याने उंची दुरुस्त केली. नानांना सांगितलं नाही. म्हाताऱ्याने भक्तीने केलेलं काम, त्याचा दोष त्याच्याच पदरात कशाला घालायचा? त्यापेक्षा संगणक चुकला म्हणून लोक हसले तर हसू देत.

आज मात्र सांगणं भाग होतं. दुरुस्त केलेलं मॉडेलही आज घर बुडणार म्हणत होतं.

"नाना, मागच्या वेळी मशीन चुकलं नव्हतं. आपला तो धोंडा आहे ना..."

"म्या हलवला. ठाव हाय मला."

प्रतिभाने पडद्यावरून नजर काढली.

"पानी घाटावर थांबलं त्याच दिशी ध्यानात आलं. गाव तुला हसलं, अन् म्या बाप असून तोंड शिवून बसलो. लाज वाटली, पोरी."

तिला राग आला. दोन वर्षं! पण रागवायचंही त्राण उरलं नव्हतं आणि रडायला वेळ नव्हता.

"ते राहू द्या नाना. तुम्ही निघा."

म्या एकला निघून काय व्हतंय, असं काहीतरी ते पुटपुटले. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. काठीची टकटक तेवढी लांब गेली. जरा वेळाने शेजारच्या देवळाचा भोंगा खरखरला.

"मंडळी, म्या कारभारी बोलतोय. मागला पूर माझ्या लेकीचा नव्हता. माझा व्हता. धोंडा म्या वर चढवला. आज ती सांगती ते खरं हाय. उठा."

मग हाका, शेळ्यांचं ओरडणं, पत्र्याच्या पेट्या ओढल्याचे आवाज. हसल्याचं काही ऐकू आलं नाही. शेवटी नानांच्या काठीची टकटकही त्यांच्यामागून लांब गेली आणि आळी सामसूम झाली.

नाना फोनपाशी परत आले नाहीत. रिकाम्या घरात आईच्या वेळचं घड्याळ टिकटिकत होतं. मॉडेलच्या हिशेबाने पाणी आता अंगण ओलांडून माजघरात आलं होतं. साहेबांनी येऊन विचारलं, कुणाशी बोलताय?

"कुणाशी नाही," प्रतिभा म्हणाली, आणि लाइन जाईपर्यंत रिसीव्हर कानाला धरून बसून राहिली.