एकशे आठ नंबरचा भोंगा

मित्रांनो, मी फार रागात आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मग म्हणू नका की भोंगा असून हा इतका का तडकतो.

नागपूरच्या काटोल रस्त्यावर पाइप आणि मोटरपंपांचं एक दुकान आहे. दुकानामागे टिनाचं लांबलचक गोदाम आहे. त्या गोदामाच्या दारावर, तोंड किंचित खाली करून टांगलेला, रंग उडालेला राखाडी भोंगा दिसतो ना, तो मी. लग्नातला किंवा मिरवणुकीतला भोंगा मी नव्हे. गाणी वाजवणं माझं काम नाही. माझ्या पाठीत एकच बारीक निळी तार येते. वीजही तिच्यातूनच मिळते आणि बोलणंही तिच्यातूनच येतं. गल्ल्यावर मालक माइकचं बटण दाबून बोलतो आणि ते शब्द मी गोदामात ऐकवतो. एवढंच माझं काम, आणि ते मी कधी चुकवलेलं नाही.

मला इथे आणलं ते संघपाल नावाच्या कारागिरानं. असली तारांची कामं तो करतो. त्याआधी मालक, म्हणजे देवरावशेठ, गोदामात मोबाइल करायचे. गोदामाचं काम बघतात त्या कौसल्याबाई. त्यांचे दोन्ही हात पाइपांत गुंतलेले असायचे, फोन वाजून वाजून बंद व्हायचा आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. संघपालनं पूर्ण दिवस घालवून दुकानात आठ भोंगे बसवले. मी आठवा. मला टांगल्यावर तो पुढे जाऊन माइकवर बोलायचा आणि कौसल्याबाई गोदामाच्या एकेका कोपऱ्यात उभ्या राहून ओरडायच्या, "येऊन राहिला गा आवाज! मोठा येऊन राहिला!" शेवटच्या रॅकमागे आवाज थोडा कमी पडला, तर त्यानं शिडी लावून माझी मान वळवली. याला म्हणतात काम!

त्यानं आम्हा सगळ्यांना एकेक नंबर दिला. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं. आमच्या सगळ्यांच्या तारा एका डब्यात जातात. गल्ल्यावरून बोललेलं त्या डब्यात येतं आणि डबा ते ज्याच्या त्याच्या नंबरावर पाठवतो. गल्लीत घरांना नंबर असतात, तसंच. पहिल्या भोंग्याला एकशे एक, आणि असं करत करत मी एकशे आठ.

सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! काटोलकडचे संत्रेवाले बसनं उतरून यायचे, गल्ल्यावर नुसता व्हॉल्व्ह मागायचे आणि चहा संपायच्या आत कौसल्याबाई तो घेऊन हजर. "शेठ, तुमच्या गोदामात भूत पाळलं काय?" असं रामाजी नावाचे एक जुने गिऱ्हाईक म्हणायचे. शेठ खूश होऊन माझं नाव सांगायचे. दर दसऱ्याला मला हळदीकुंकू लागायचं, झेंडूचं फूल मिळायचं. कौसल्याबाई आठवड्याला एकदा फडकं काठीला बांधून माझं तोंड पुसायच्या.

मग आला गेल्या वर्षीचा दसरा. कौसल्याबाई त्या दिवशी दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. इकडे शेठनी बर्डीच्या बाजारातून नवा कॅमेरा आणला. मुहूर्तावर तो गल्ल्यावर लावायचा होता. लावणारा माणूस संघपाल नव्हता, कोणी दुसराच होता. त्यानं विचारलं, "याले नंबर कोणता देऊ?"

शेठच्या गाडीचा नंबर एकशे आठ. मोबाइलच्या शेवटी एकशे आठ. दुकानाच्या पाटीवरसुद्धा, काही कारण नसताना, कोपऱ्यात एकशे आठ. ते म्हणाले, "विचारून काय राहिला? एकशे आठ दे. शुभ असते."

आणि त्या शहाण्यानं दिला! अरे, त्या नंबरावर आधी कोणी राहतं का, एवढं तरी विचारायचं! तो नंबर माझा होता! मी टांगलेला होतो, जागा होतो, माझा हिरवा दिवा लागलेला होता. पण नाही. एकाच नंबराची दोन घरं झाली. डबा बिचारा गोंधळला आणि माझ्या नावचं सगळं बोलणं गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याकडे टाकू लागला. कॅमेऱ्याला तोंड नसतं. तो ते बोलणं गिळून गप्प बसायचा.

दुसऱ्या दिवशीपासून गोदामात शांतता. शेठ गल्ल्यावरून बोलावत होते आणि कौसल्याबाई निवांत पाइपांच्या टोप्या मोजत होत्या. मला कळत होतं की काहीतरी बिघडलंय, पण माझ्याकडे शब्दच येत नव्हते. बोलू काय, माझं डोकं?

एकदा रामाजींना बस पकडायची होती. शेठनी व्हॉल्व्हसाठी तीनदा पुकारलं. बाई आल्या नाहीत. रामाजी कंटाळून समोरच्या दुकानात गेले. शेठचं डोकं फिरलं. त्यांनी सगळ्या भोंग्यांचं बटण दाबलं आणि म्हणाले, "कौसल्याबाई, कानात बोळे कोंबले काय? बहिऱ्या झाल्या असाल तर घरी बसा!"

सात भोंग्यांनी ते सगळ्या दुकानाला ऐकवलं. माल बघणारी गिऱ्हाइकं हसली. फक्त जिला म्हटलं तिला ऐकू गेलं नाही, कारण तिच्या डोक्यावर मी होतो. दुकान झाडणाऱ्या तुळसाबाईंनी मागे येऊन सांगितलं. "कौसल्ये, शेठ तुले भोंग्यावरून बहिरी म्हणून राहिले वं." हातातली टोपी कौसल्याबाईंनी चुकीच्या खोक्यात टाकली, मग पुन्हा काढली.

मग शेठ तपासणीला आले. ती तपासणी ऐका! शेठना सवय आहे, गल्ला सोडताना तिथलं मोठं बटण बंद करायचं, म्हणजे बिल कमी येतं. दिवा बंद, माइक बंद, आणि कॅमेराही बंद! राखण करायची वेळ आली की राखणदाराला झोपवायचं, वा रे वा! तर कॅमेरा झोपला की नंबर पुन्हा माझा एकट्याचा. शेठ गोदामात येऊन मोबाइलवरून बोलले, संघपालनं तीही सोय करून ठेवली होती, "हॅलो, हॅलो," आणि मी ते खणखणीत ऐकवलं. टिन हादरलं.

"हा त चांगला चालते," शेठ म्हणाले. "आता कसं ऐकू आलं?"

"हा बोलला म्हणून ऐकू आलं, जी," कौसल्याबाई म्हणाल्या.

"मंग मघाशी?"

"मघाशी हा नाही बोलला."

"म्हणजे मी खोटा?" असं म्हणून त्यांनी हातातल्या पाइपानं मला दोन फटके मारले. कशाला? आधी चांगला चालते म्हणाले ना! फटके खाऊन मी सुधारणार होतो का? गल्ल्यावर परत जाऊन त्यांनी बटण चालू केलं, कॅमेरा जागा झाला आणि मी पुन्हा मुका.

असं कितीदा तरी झालं. शेठ समोर असले की मी बोलायचो, ते गेले की गप्प. कौसल्याबाई एकतर बहिऱ्या नाहीतर कामचुकार, असं सगळं दुकान म्हणू लागलं. मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू? हळूहळू बाईंनाच ते खरं वाटू लागलं. काम सोडून त्या माझ्याखाली येऊन उभ्या राहायच्या, मान वर करून, हात कानामागे धरून. मी गप्प. तुळसाबाई हळू बोलल्या तरी त्या दचकून विचारायच्या, "काय म्हटलं? मले म्हटलं काय?" एका सोमवारी त्या मेडिकलला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, गेल्या, अर्धा दिवस रांगेत बसल्या आणि कान तपासून आल्या. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

शेठना सांगितलं, तर शेठ म्हणतात, "मंग त अजूनच वाईट. म्हणजे तुम्ही मुद्दाम करून राहिल्या. दिवाळीनंतर मी दुसरा माणूस पाहतो."

इतकी वर्षं ज्या बाईनं अंधारातसुद्धा हात घालून बरोबर मापाचा पाइप काढून दिला, तिला हे ऐकावं लागलं. माझी तार तोडून खाली उडी मारावी असं वाटलं मला.

कौसल्याबाई मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माहे कान तपासून झाले, शेठ. आता याचे तपासा." आणि त्यांनी स्वतःच संघपालला फोन लावला.

संघपाल पारशिवनीकडे कुठल्या हॉटेलचं काम करत होता, तिथून आला. शेठनी त्याला तेच नाटक दाखवलं. गल्ला बंद, गोदामात हजर, "हॅलो, हॅलो." मी खणखणीत.

"तुम्ही रोज अशीच तपासणी करता काय?" संघपालनं विचारलं.

"मंग कशी करू?"

"बाईले आवाज कुठून देता?"

"गल्ल्यावरून."

"मंग तिथूनच द्या ना, भाऊ. मी इथं बाईजवळ उभा राहतो."

शेठ गेले. बराच वेळ झाला. मग धापा टाकत परत आले. "हाक आली नाही? चारदा बोललो!"

"मी पण नाही ऐकलं," संघपाल म्हणाला. "आता मले बी बहिरा म्हणा."

मग तो शिडीवर चढला आणि त्यानं माझी तार काढली. माझा दिवा विझला. पुढचं मला नंतर कौसल्याबाईंच्या तोंडून कळलं. संघपालनं लॅपटॉपवरून एकशे आठ नंबराला विचारलं, आहेस का? आणि उत्तर आलं, आहे! त्यानं तार हातात धरून शेठसमोर नाचवली. "याची तार त माझ्या हाती आहे. मंग हा कोण बोलून राहिला?" तो सरळ गल्ल्यावर गेला आणि मोठं बटण बंद केलं. उत्तर थांबलं. चालू केलं, पुन्हा आलं. शेठनी वर कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "दसऱ्याले लावला होता. एकशे आठच दे म्हटलं मी."

"नवं काही लावता त आधी पाहत जा ना, त्या नंबरावर कोणी राहते काय."

आता तुम्हाला वाटेल, मला माझा नंबर परत मिळाला. छे! शेठ म्हणाले, मुहूर्ताचा नंबर आहे, कॅमेऱ्याचा राहू दे. मला केलं एकशे नऊ. कोणी विचारलंसुद्धा नाही.

तार लागली, दिवा लागला, मी जागा झालो. शेठ खाली उभे होते. "चला, झालं ना बाई आता. कामाला लागा," ते म्हणाले.

कौसल्याबाई हलल्या नाहीत. "ज्याच्यावरून मले बहिरी म्हटलं, त्याच्यावरूनच आता बोला."

"गिऱ्हाईक आहे वं बाई पुढे."

"तवा बी होतं, जी."

शेठ गेले. थोड्या वेळानं आठही भोंग्यांवर आवाज आला, अगदी पुटपुटल्यासारखा. "कौसल्याबाईचे कान चांगले आहेत. चूक माही होती."

मित्रांनो, मी तो शब्द न शब्द ऐकवला. बाई अगदी माझ्याखालीच उभ्या होत्या. पण त्यांनी पदर खोचला, दारात आल्या आणि गल्ल्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ऐकू नाही आलं, शेठ! परत बोला!"

आणि शेठ परत बोलले. मोठ्यानं. पार रस्त्यावरच्या ऑटोवाल्यानं वळून बघितलं.

म्हणून सांगतो, तुमच्या हाकेला कोणी ओ दिली नाही तर लगेच त्याला नावं ठेवू नका. उठा, चार पावलं चाला, तुमची हाक तिथवर पोचली का ते बघा. आणि आम्हा यंत्रांवर हात उगारण्याआधी आमची तार तरी बघत जा.

माझी माफी अजून कोणी मागितलेली नाही. देवरावशेठ, दोन फटके मारले होते तुम्ही, पाइपानं, काही चूक नसताना. मी विसरलेलो नाही. इथेच आहे, गोदामाच्या दारावर. नंबर एकशे नऊ.