रेघेवरचा मान

बाबली साडेसहा फूट. एस.टी.तून उतरायचा तर आधी डोकं बाहेर यायचं, मग खांदे, आणि उरलेला बाबली खाली पोचेपर्यंत कंडक्टर दुसऱ्यांदा घंटी मारायचा. असला माणूस तळेऱ्याहून सावंतवाडीत राहायला आलाय हे कळलं, तेव्हा काशिनाथने हातातली सायकलची चेन तशीच सोडली आणि काळ्या हातांनीच निघाला.

काशिनाथचं सायकल दुरुस्तीचं दुकान. उंची पाच फूट चार. पण पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी शाळेमागच्या कोर्टावर पोरांना बास्केटबॉल शिकवत आलेला. सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. आयुष्यभर त्याने देवाकडे एकच मागितलं होतं, एक उंच माणूस.

"खेळतंस काय रे?" त्याने बाबलीला दारातच विचारलं.

"कॉलेजात असताना खेळलंय, मामानू. आता एकतीस झाली माका."

"वय विचारूक नाय मी तुका."

बाबलीची बायको नम्रता शाळेत शिकवते. तिची बदली इकडे झाली म्हणून बाबलीने भात, काजू सगळं भावाकडे सोपवलं आणि बायको आणि चार वर्षांच्या पोरीला घेऊन आला. काजूच्या कारखान्यात पोती उतरवायचं काम मिळालं. भाड्याची खोली मिळाली, तिच्या दारातून आत जाताना रोज कमरेत वाकायचं. ओळखीचं कुणी नाही. गावात शंभर लोक नावाने हाक मारायचे, इथे सगळे नुसते वर बघायचे.

काशिनाथने त्याला कुठे उभा केला? कुणीही करील तिथेच. रिंगखाली. रिंगकडे पाठ, दोन्ही कोपरं बाहेर, अंगावर येईल त्याला ढकलायचं आणि वरच्यावर बॉल घ्यायचा.

पण बाबलीला ढकलणंच जमेना. कुणाला धक्का लागला की हा खेळ सोडून विचारायचा, "लागला काय रे?" तोवर समोरचा बॉल घेऊन पसार. महिनाभरात तीन मॅच हरले. पोरं आधी कुजबुजली, मग उघडच बोलायला लागली. सर्वेश तर तोंडावर म्हणाला, "मामानू, माड बरो आणलात. नारळ खंय?" बाबली पण हसला. पण ते हसणं काशिनाथला काही बरं वाटलं नाही.

सोमवारी नम्रता स्कूटीत हवा भरायला दुकानावर आली. हवा भरून झाली तरी जाईना.

"काय गो बाये?"

"मामानू, हे परत जातंय म्हणतत. ह्या रविवारची मॅच झाली की तळेऱ्याक."

"आणि तू? चार वर्साचा चेडू?"

"आम्ही हंयच. माझी नोकरी आसा." ती हँडलवरची धूळ पुसत राहिली. धूळ नव्हतीच. "म्हणतत, हंय माझो कोणाक उपयोग नाय. कारखान्यात पोती कोणय उतरवीत. एक कोर्ट होता, थंय पण मी अडचणच. असा बोलल्यार मी काय बळान ठेवन घेव त्येंका? पण दोन ठिकाणी संसार मांडूचो नाय माका, मामानू."

काशिनाथने पंप उचलून कोपऱ्यात ठेवला. परत उचलला, परत ठेवला. कोर्टावर आणलेला त्यानेच होता ना त्याला!

बुधवारी कोर्टावर कप्तान विराजला यायला उशीर झाला. जागा रिकामी, म्हणून बाबली सहज पुढे आला आणि फ्री थ्रोच्या रेघेवर उभा राहिला, रिंगकडे तोंड करून. बॉल त्याच्याकडे आला. मग काशिनाथने जे बघितलं ते असं, की बाबली सगळ्यांच्या डोक्यावरून बघत होता. चंदन पळाला, पोचायच्या आधी बॉल तिथे. सर्वेश आत घुसला, बॉल त्याच्या हातात, जसा काही ताटात वाढलेला. ढकलाढकली नाही, काही नाही. सर्वेशने एकामागून एक पाच बास्केट केले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

'गाढवा,' काशिनाथ स्वतःलाच म्हणाला, 'महिनाभर ह्येका पाठ करून उभो केलंस!'

पण ती रेघ होती विराजची.

आता हे समजून घ्यायला हवं. देवळात पालखी उठते तेव्हा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर, हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्या गावाला ठाऊक असतं. तुमचा खांदा दुप्पट रुंद असेल, तरी तुम्ही तो लावायचा नाही. मान ज्याचा त्याचा. क्लबातली पोरं सगळी असल्याच घरांतली. कोर्ट झालं तेव्हा रेघेवर पहिल्यांदा विराजचा काका उभा राहिला. त्याचे गुडघे गेले, मग पुतण्या आला. नऊ वर्षं बॉल आधी विराजच्या हातात जायचा आणि मग इतरांच्या. ते चांगलं की वाईट, असं कुणी कधी विचारलंच नाही.

आणि काशिनाथ, साठीला आलेला माणूस, एका मानावरून दोन घरं बारा वर्षं बोलत नाहीत हे डोळ्यांनी बघितलेला, त्याने काय करावं? विराज उशिराने येऊन एका बुटाची नाडी बांधत होता, आणि ह्याने आठ पोरांसमोर ओरडून सांगितलं, "विराज, आजपासून रेघेर बाबली. तू कोपऱ्यात."

विराजने नाडी सोडली.

"कोणी ठरवला?"

"मी."

"मामानू, तुमी शिकवतास. मान वाटूक तुमका कोणी सांगला?"

तो गेला. त्याच्यामागे आणखी तिघे गेले. बाबली हातात बॉल घेऊन उभा, दुसऱ्याच्या घरचं काचेचं भांडं हातून फुटल्यासारखा.

"कित्याक केलात, मामानू? आता तर हंय रवाक तोंडच नाय माका."

दुसऱ्या दिवशी काशिनाथ विराजच्या मोबाईलच्या दुकानात गेला. विराज एक फोन उघडून बसला होता. मान वर केली नाही.

"चुकलंय मी," काशिनाथ म्हणाला.

"चार लोकांत माका कोपरो दाखवलात."

"व्हय."

"एकट्याक बोलवन सांगाक काय झाला होता?"

"सांगलं असतंय तर सोडलं असतंस?"

विराजने जरा विचार केला. "नाय."

दोघांनाही हसू येत होतं. दोघांनीही ते दाबलं.

"रविवारी येतंय मी," विराज म्हणाला. "पण रेघेर मीच."

"बरा." काशिनाथ पायरीपर्यंत गेला आणि वळला. "बाबली सोमवारी चललो तळेऱ्याक. बायल-चेडवाक हंय सोडून."

"कित्याक?"

"हंय आपलो उपयोग नाय, म्हणता."

विराजचा पेचकस थांबला.

रविवारी समोर कणकवलीचे. धिप्पाड पोरं. अर्धी मॅच झाली तेव्हा आपले चौदा पॉइंटांनी मागे. बाबली रिंगखाली, त्याच्या अंगावर त्यांचा एक सांड लोंबकळत होता आणि बाबली त्यालाच सांभाळून घेत होता. कठड्यावर नम्रता पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. ती कोर्टाकडे बघतच नव्हती.

दुसऱ्या अर्ध्यात पाचेक मिनिटं गेली असतील. बॉल विराजकडे होता, रेघेवर. द्यायला कुणी मोकळा नाही. विराजने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि हात केला.

"बाबली, हंय ये."

बाबलीने मान हलवली. नको.

"मेल्या, मी बोलवतंय मां? ये!"

बाबली आला. विराजने बॉल फेकला नाही. स्वतः त्याच्या हातात ठेवला आणि पळत कोपऱ्यात गेला. इकडे काशिनाथने शिट्टी तोंडात धरली होती, ती चावली.

मग मजा झाली. बाबली बाहेर आला म्हटल्यावर कणकवलीचा सांडही त्याच्यामागे बाहेर आला. रिंगखालची जागा झाली मोकळी, खळ्यासारखी. सर्वेश घुसला, बास्केट. चंदन घुसला, बास्केट. कणकवलीचे आत धावले तर बॉल कोपऱ्यात विराजकडे, आणि विराजचा हात लांबून बसतो हे नऊ वर्षांत कुणाला कळलंच नव्हतं. विराजलासुद्धा. चौदाचे आठ झाले, आठाचे तीन, तिनाचा एक.

शेवटची सात सेकंदं. एकाने मागे. बाबलीच्या हातात बॉल, दोघे अंगावर. त्याने बघितलंसुद्धा नाही, सरळ कोपऱ्यात मारला. पण विराज तिथे नव्हता. विराजचे पाय आपोआप दोन पावलं रेघेकडे सरकले होते. बॉल रिकाम्या कोपऱ्यातून गेला आणि गटारात पडला. तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी झाली. हरले.

कणकवलीचे नाचत होते. आणि त्या गोंगाटातून एकदम एक आवाज फुटला. असला आवाज, की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उठली.

"आवशीक खाव! थंयसून हाललंस कित्याक रे तू?"

बाबली ओरडत होता. महिनाभर 'लागला काय' शिवाय तोंड न उघडलेला बाबली, कप्तानाच्या छातीसमोर उभा राहून.

"बॉल थंय येतलो म्हणान कळत नाय तुका? कोपऱ्यात म्हणजे कोपऱ्यात! दोन पावला खंय चललं होतंस, देव भेटाक?"

सर्वेशने डोळे मिटून घेतले. चंदन हळूच बाजूला झाला. आता विराज काय करतो?

विराज मान वर करून बाबलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चुकला माझा. सवय, मेल्या. नऊ वर्षांची."

"सवय घराक ठेव! बुधवारी अर्धो तास आधी ये. थंय उभो करतंय तुका, पाय बांधून."

"बांध बांध. मामानू, बगतास? ह्यो माका शिकवता!"

काशिनाथ कठड्याकडे बघत होता. नम्रता उभी राहिली होती.

"मामानू," ती म्हणाली, "बुधवारी म्हणतत, आयकलात? घरात पण कधी इतके ओरडाक नाय हो हे." आणि तिने पदर तोंडावर धरला. रडत होती की हसत होती, काशिनाथला कळलं नाही.

तिकडे दोघे गटाराच्या काठावर पोचले होते. बॉल कुणी काढायचा यावरून भांडत होते.

"तुझ्यामुळे बॉल गेलो, तू काढ."

"तुझो हात लांब, तू काढ!"