आत्यांची मोठी अक्षरं

लालासाहेबाचं सांगलीतलं झेरॉक्सचं दुकान मी एक दिवस पेटवूनच देणार होते, शप्पथ!

मागणं काय होतं माझं? आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई जाईबाई, साठीत साक्षरता वर्गाला जाऊन वाचायला शिकल्या. कुठं जरा हात बसतोय, तोच काचबिंदूनं गाठलं. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा आता उपयोग नाही, अक्षरंच मोठी करून द्या. आणि यंदा धम्मदीक्षेच्या दिवशी विहारात बावीस प्रतिज्ञा आत्याच वाचणार होत्या. एकानं वाचायचं, सगळ्यांनी मागून म्हणायचं. विहाराचा कारभार बघणारे धोंडिराममामा येता-जाता म्हणायचे, "जाईबाई, कुणी पोरगं वाचंल की. तुमी बसा निवांत." ते ऐकलं की आत्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

म्हणून मी तासगावहून एसटीनं सांगलीला गेले, लालासाहेबाला प्रतिज्ञांची पुस्तिका दिली, म्हटलं मोठी करा. त्या बाबानं मोठी केली ती गुलाबी कागदावर, वर कडेनं वेलबुट्टी! "कार्यक्रमाचं हाय न्हवं, वैनी? शोभा नको?" त्या गुलाबीवर आत्यांना अक्षर कुठं संपतंय तेच कळेना.

पुन्हा गेले. पांढरा कागद, काळी शाई, बाकी काही नको, असं बजावून भाजी आणायला गेले. येऊन बघते तर ह्यानं सगळं प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं. "खराब व्हाय नको म्हून!" घरी आत्यांना त्या चकाकीत नुसती ट्यूबलाइट दिसली.

तिसऱ्यांदा मात्र त्याच्या मानगुटीवरच बसले. "आवं, शोभा तुमच्या घरात करा! म्हातारीला वाचायचं हाय!" तेव्हा कुठं एका पानावर एकच प्रतिज्ञा, ठसठशीत, काळीभोर, अशी निघाली. गठ्ठा हा एवढा झाला.

त्या दिवशी विहार गच्च भरलेला. आत्या माईकसमोर, गठ्ठा स्टुलावर, पानं उलटायला मी शेजारी. धोंडिराममामा पुढच्याच रांगेत. आत्या अडल्या की उठायचं, म्हणून पुस्तिका हातात तयारच. असा राग आला!

आत्या अक्षरावर बोट ठेवून, थांबत थांबत वाचत होत्या. त्या थांबल्या की सगळा विहार थांबायचा. माझे डोळे भरून आले आणि पान उलटायचं राहूनच गेलं.

आत्या वैतागल्या. माईकमध्येच म्हणाल्या, "पान उलट की गं, स्वप्ना!"

अख्खा विहार हात जोडून एका सुरात म्हणाला, "पान उलट की गं, स्वप्ना!"

सगळ्यात मोठा आवाज धोंडिराममामांचा होता.